धाव नसलेले चाक

महाराष्ट्रातील एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून निघून अहमदनगरला पोचली. मुंबई, नागपूर यांसारखे मोठे शहर तिच्या वाटेवर नव्हते. दोन मध्यम शहरांना जोडणारी ती सरळ गाडी होती. वाटेत उतरून बदलण्याचे काम नव्हते. ज्या रस्त्याने ती गेली त्यापासून काही किलोमीटर आत आमचे राळेगणसिद्धी आहे. गावातल्या माणसाच्या दृष्टीने प्रवास म्हणजे आधी फाटा गाठणे. फाट्यावर उभे राहिले की एका हाताला पुणे आणि दुसऱ्या हाताला नगर, अशी आमची भूगोलाची पहिली ओळख. १९७५ साली अण्णा हजारे गावी परतले आणि पुढे पाणलोटाच्या कामामुळे राळेगणचे नाव देशभर झाले, तेव्हा दूरदूरची माणसेही त्याच फाट्यावरून आत आली.

या लेखाचा विषय मात्र त्या रस्त्यापासून फार लांबचा आहे. २०१९च्या उन्हाळ्यात मी राळेगणला बसून अमेरिकेतील दोन मध्यम शहरांमधला एक विमानप्रवास आखला. मी मराठी शिकवतो; विमानशास्त्राशी किंवा पर्यटनाच्या धंद्याशी माझा संबंध नाही, आणि अमेरिका मी पाहिलेली नाही. तरीही त्या पंधरा दिवसांत जे दिसले ते केवळ प्रवासापुरते नव्हते, असे मला वाटत आले आहे. म्हणून ते इथे मांडतो.

माझी थोरली मावशी आणि काका त्या वर्षीच्या मे महिन्यात मुलाकडे, म्हणजे माझ्या मावसभावाकडे, आयोवा राज्यातील डे मॉइन या शहरी गेले होते. या नावात रोमन लिपीत दोनदा 'स' येतो आणि एकदाही उच्चारायचा नसतो, हे काकांना मोठे नवल वाटे. मावसबहीण नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॅले येथे राहत होती. तिचे दिवस भरत आले होते. ऑगस्टच्या सुरुवातीची तारीख डॉक्टरांनी दिली होती. लेकाच्या घरून लेकीच्या घरी जायचे, एवढाच प्रवास. मावशी 'रॅले'चा उच्चार 'राळे' असा करी आणि वर म्हणे, "राळेगणाची लेक राळ्यालाच गेली, त्यात काय एवढं!" राळे हे आमच्याकडचे जुने बारीक धान्य, त्या शहराची तिला परकी न वाटणारी ओळख ती नावातूनच करून घेत होती.

त्या शहराचे नाव सर वॉल्टर रॅले या इंग्रज दरबारी कवीवरून पडले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहत करण्यासाठी जहाजे धाडली, पण स्वतः त्या भूमीवर कधी पाऊल ठेवले नाही. दुसऱ्यांचे प्रवास आखणाऱ्या घरबशांना तेवढाच एक थोर पूर्वज.

भावाला रजा मिळत नव्हती. म्हाताऱ्यांनी एकट्याने जाऊ नये, बाळंतपण झाल्यावर बहिणीनेच सवडीने इकडे यावे, असे त्याचे म्हणणे होते. काकांना ऐकू कमी येई. दोघांनाही इंग्रजी येत नव्हते. मावशीने एका रात्री मला फोन केला. राळेगणला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेदहा असतात. "बाळा, तू पोरांना शिकवतोस, नीट लिहून देतोस. आम्हाला असं लिहून दे की वाट चुकायला नको. पोरीचं पहिलंच हाये. मी काय हितं बसून भिंती बघू?" मुलाने आखून दिलेल्या प्रवासात मुलाची भीतीही आली असती, म्हणून तिने मला निवडले असावे.

आकडे पाहू. २०२०च्या जनगणनेनुसार डे मॉइन शहराची वस्ती सुमारे दोन लाख चौदा हजार, तर रॅलेची सुमारे चार लाख अडुसष्ट हजार. आमच्या नगर शहराची २०११ची वस्ती साडेतीन लाख. म्हणजे नगर या दोहोंच्या मध्ये बसते. दोन्ही राज्यांच्या राजधान्या, दोन्हींना चांगले विमानतळ, आणि हवेतून अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर. अशा दोन शहरांमध्ये सरळ विमान असेल अशी माझी समजूत होती. आम्हाला हव्या असलेल्या दिवसांत तसे एकही मिळाले नाही. जे विमान दिसे ते शिकागोला, अटलांटाला, डॅलसला किंवा शार्लटला जाई आणि तिथून दुसरे विमान पकडावे लागे.

याचे कारण शोधताना एक जुना कायदा सापडला. १९७८ सालापर्यंत अमेरिकेत कोणत्या कंपनीने कोणत्या दोन शहरांत किती भाड्याने विमान चालवावे हे एक सरकारी मंडळ ठरवीत असे. त्या वर्षी ही बंधने उठवणारा कायदा झाला. मग मोठ्या कंपन्यांनी हिशेब मांडला. दहा शहरे एकमेकांना सरळ जोडायची तर पंचेचाळीस मार्ग लागतात. तीच शहरे मधल्या एका ठिकाणाशी जोडली तर दहा मार्गांत भागते आणि प्रत्येक विमान भरते, कारण त्यात नऊ वेगवेगळ्या गावांना जाणारी माणसे एकत्र बसलेली असतात. या मधल्या ठिकाणाला 'हब' म्हणतात. मेल्यावर स्वर्गात जा की नरकात, विमान अटलांटालाच बदलावे लागणार, असा विनोद अमेरिकेच्या दक्षिणेत प्रचलित आहे. या व्यवस्थेला अपवादही झाले. टेक्सासमध्ये १९७१ साली सुरू झालेल्या साउथवेस्ट कंपनीने डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो ही तीन शहरे एकमेकांना सरळ जोडून आरंभ केला. पण मध्यम शहराच्या वाट्याला बहुधा हबच येते.

'हब' म्हणजे चाकाचा तुंबा. आमच्या लहानपणी गावात बैलगाड्या होत्या, म्हणून ती उपमा चटकन ध्यानात आली. लाकडी चाकात मध्ये तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना धरणारे पाटे आणि पाट्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. गावात धाव चढवण्याचे काम चाले तेव्हा आम्ही पोरे भोवती उभे असू. लाल झालेली कडी बसवून तिच्यावर पाणी ओतले की ती आवळली जाई आणि सगळे आरे एकमेकांशी बांधले जात. जमिनीला टेकते ती धाव. तुंबा कितीही भक्कम असला तरी धावेवाचून गाडी चालत नाही. विमान कंपन्यांच्या चाकात तुंबा आहे, आरे आहेत. एका आऱ्याचे टोक शेजारच्या आऱ्याच्या टोकाला धरणारे मात्र काही नाही.

आपल्याकडे निराळे आहे असे मानण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला जे पहिले टपालविमान आणले ते अहमदाबादला थांबून आले आणि तीच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला गेली. माळेतल्या मण्यांसारखी ती रचना होती. आजची रचना चाकाची आहे. आमच्या जिल्ह्यात काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला; त्याचा उपयोग भाविकांना दूरच्या मोठ्या शहरांतून येण्यासाठी आहे, नगरच्या माणसाला साताऱ्याला किंवा जळगावला जाण्यासाठी नाही. एस.टी.चेही पाहा. शेजारच्या दोन खेड्यांतून तालुक्याला गाड्या असतात, पण एका खेड्यातून दुसऱ्यात जाणारी गाडी क्वचितच. ते काम पूर्वी पायवाटा आणि गाडीवाटा करीत. त्या वाटा कोणी आखल्या नव्हत्या. लेकी दिल्या-घेतल्या म्हणून त्या पडल्या होत्या. त्यांना मी मनाशी सोयरिकीच्या वाटा म्हणतो.

आता आखणीकडे वळतो. बदल करावाच लागणार तर तो कुठे करायचा, हा पहिला प्रश्न. शिकागो अंतराने सर्वांत सोयीचे, पण तेथील विमानतळ अनेक इमारतींत विखुरलेला. अटलांटात एका दालनातून दुसऱ्यात जायला जमिनीखालून रेल्वे. काकांना ती वाऱ्यावर सोडल्यासारखी वाटली असती. शार्लटला सगळी दालने एकाच इमारतीशी जोडलेली आहेत आणि चालत जाता येते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे ठरले. शार्लट ते रॅले हे मोटारीने सुमारे अडीच-तीन तासांचे अंतर. पहिले विमान वेळेवर पोचले आणि दुसरे चुकले, तर जावई गाडी घेऊन येऊ शकत होते. प्रवास तुटायचाच असेल तर तो घरच्या माणसाच्या हाकेच्या टप्प्यात तुटावा, हे सूत्र मी तेव्हा बांधले. कोणत्याही पुस्तकात ते वाचलेले नव्हते; फाट्यावर राहणाऱ्या माणसाला ते आपोआप सुचते. रात्री उशीर होणार असेल तर आम्ही पुण्याहून नगरची गाडी धरतो ती यासाठीच की फाट्यावर उतरल्यावर घरून कोणाला तरी बोलावता येते.

दुसरा प्रश्न वेळेचा. सकाळचे पहिले विमान घ्यावे, असे मी ठरवले, आणि याचे कारण मला एस.टी.च्या मुक्कामी गाडीत सापडले. खेड्यात रात्री येऊन थांबणारी गाडी सकाळी वेळेवर सुटते, कारण तिला कुठून यायचे नसते. लहान विमानतळांवरही तसेच असते. सकाळचे पहिले विमान आदल्या रात्री येऊन मुक्कामाला राहिलेले असते. दुपारनंतरच्या विमानावर दिवसभरातील सगळ्या शहरांचा उशीर साचत जातो; शिवाय उन्हाळ्यात त्या भागात दुपारी गडगडाटी वादळे होतात. आणि पहिले चुकले तरी दिवसाची उरलेली विमाने हाताशी राहतात. दोन विमानांमध्ये मी अडीच तासांची मोकळीक ठेवली. भावाला ती जास्त वाटली. तासाभरात लोक विमान बदलतात, असे तो म्हणाला. लोक बदलतात हे खरे, पण ते लोक काका नव्हते.

तिसरा प्रश्न दिवसाचा. ४ जुलैच्या राष्ट्रीय सुटीची गर्दी टाळायची होती आणि १२ जुलैच्या आषाढी एकादशीच्या आत मावशीला लेकीकडे पोचायचे होते. काकांनी दिशाशूल विचारला. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला जाऊ नये, असा जुना संकेत, रॅले पूर्वेला. भाडी पाहिली तर सोमवारपेक्षा मंगळवारचे तिकीट स्वस्त निघाले. पंचांग आणि विमान कंपनीचा संगणक यांचे असे अवचित एकमत झाले आणि मंगळवार, ९ जुलै हा दिवस ठरला. काका समाधानाने म्हणाले, "म्हणजे त्यांनाही कळतं." पूर्वी मुहूर्त साधत नसला की तांदूळ-सुपारीचे पुरचुंडके शेजारच्या घरी नेऊन ठेवीत आणि त्याला 'प्रस्थान ठेवणे' म्हणत. तिकीट काढणे हेही एक प्रस्थानच. माणूस घरी असतो आणि त्याचा निघण्याचा क्षण दुसरीकडे नोंदलेला असतो.

सामानाचा प्रश्न मावशीचा. भारतातून जाताना तिला दोन मोठ्या पेट्या नेता आल्या होत्या. देशांतर्गत विमानात मात्र पहिल्या पेटीपासून पैसे पडत होते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २००८ सालापासून ही पद्धत पाडली. लेकीसाठी डिंकाचे लाडू, अळीव, तूप आणि कैरीचे लोणचे होते. लाडू हातातल्या पिशवीत चालतात. तूप आणि लोणचे चालत नाहीत, कारण शंभर मिलिलिटरहून अधिक पातळ पदार्थ तपासणीतून पुढे नेता येत नाही. लोणचे पातळ की घट्ट, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. मावशीचे मत होते की फोडी घट्ट आणि खार पातळ. विमानतळावरचा शिपाई असा सूक्ष्म भेद करणार नाही, हे तिला पटवून लोणचे पेटीत गेले.

सर्वांत कठीण प्रश्न चाकाच्या खुर्चीचा होता. अमेरिकेत १९८६च्या कायद्यापासून ज्याला चालण्याची अडचण आहे त्याला विमानतळावर मदत द्यावीच लागते आणि तिचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. काकांचे गुडघे दुखत, लांब चालवत नसे. तेव्हा मागणी खोटी नव्हती. परंतु खुर्ची म्हणजे सोबत एक माणूस, जो बरोबर दारापर्यंत नेऊन सोडतो, हा तिचा खरा लाभ होता. काका बिथरले. "आयुष्यभर नांगर धरला. मी काय पांगळा झालो का?" मी तुमच्यापुढे काय बोलणार काका, एवढेच मी म्हणालो. मावशी मागून बोलली, "आवो, नवरदेवावानी बसायचं. लग्नात घोड्यावर बसला तेव्हा पाय नव्हते का?" यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

एवढे ठरल्यावर मी लिहायला बसलो. आपल्याकडे प्रवासवर्णनाची परंपरा मोठी आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला, पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले. आणि ही सगळी पुस्तके स्वाभाविकपणेच भूतकाळात आहेत. माणूस घरी परतलेला असतो, धोका टळलेला असतो. प्रवासाच्या आधी लिहिलेला मजकूर मात्र वाङ्मयात गणला जात नाही. माझा मजकूर चार पानांचा झाला आणि तो लिहिताना भविष्यकाळाचा मला नव्याने परिचय झाला. 'विमानातून उतराल. दाराशीच थांबाल. नावाची पाटी घेऊन एक माणूस येईल.' या वाक्यांतली 'येईल' ही क्रिया मी केवळ माहितीसाठी लिहीत नव्हतो. ती धीर देण्यासाठी होती. त्याखाली लगेच 'न आल्यास' लिहावे लागे. आश्वासन आणि त्याचा पर्याय यांची ही जोडी सबंध मजकूरभर चालू राहिली. 'न आल्यास' फार झाले तर वाचणारा घाबरतो, फार थोडे झाले तर तो फसतो. किती शंका सांगायच्या याचे प्रमाण हाच अशा लेखनाचा कस आहे, आणि तो शिक्षकाच्या नेहमीच्या कामापासून फार दूरचा नाही.

वेळेचाही घोळ लिहावा लागला. डे मॉइनच्या घड्याळापेक्षा रॅलेचे घड्याळ एक तास पुढे. अमेरिकेत १८८३ साली रेल्वे कंपन्यांनी हे कालविभाग पाडले. मी प्रत्येक वेळेपुढे 'तिथल्या घड्याळाने' असे लिहिले. काकांनी विचारले, तो मधला तास जातो कुठे? परतताना मिळेल, असे मी सांगितले. ते म्हणाले, "मग ठीक. उसना दिला म्हणायचा."

या गडबडीत एक गोष्ट माझ्या हळूहळू ध्यानात आली. मावशी दर दोन दिवसांनी एक नवी अडचण काढी, आणि प्रत्येक अडचणीचा शेवट 'त्यापेक्षा तो बरोबर आला तर' असा होई. तो म्हणजे तिचा मुलगा. भावाने बहिणीचे घर पाहिलेलेच नव्हते. बहीण चार वर्षे अमेरिकेत होती. एकाच देशात असून दोघे एकमेकांकडे गेले नव्हते. भेट होई ती राळेगणला, दोघांच्या सुट्या जुळल्या तर दिवाळीत. भाऊ बारा हजारांहून अधिक किलोमीटर येई, बहीण तेवढीच येई आणि मावशीच्या ओसरीवर त्यांची भाऊबीज होई. चाकाची उपमा इथे माझ्यासमोर निराळ्या रूपात उभी राहिली. मावशीचे घर हा तुंबा होता. दोन आरे त्यात घट्ट बसलेले होते आणि टोकाला एकमेकांना धरणारे काही उरले नव्हते.

उरले नव्हते याचे कारण होते. दोन वर्षांपूर्वी जमिनीच्या कागदांची गोष्ट निघाली आणि बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, असे घरात सुचवले गेले. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली समान हक्क मिळाला. तरी सही करणारी बहीण चांगली, हा गावोगावचा अलिखित कायदा अजून पुसलेला नाही. बहिणीने नाही म्हटले नाही. 'पाहू' म्हणाली. त्या एका शब्दावर दोघांचे फोन बंद झाले. मावशीने ती गोष्ट माझ्यापाशी कधी काढली नाही. ती फक्त एवढेच म्हणत राहिली की विमान बदलायचे म्हणजे अवघड, लेक बरोबर हवा. तिला विमान बदलण्याची भीती नव्हती. तिच्या पश्चात त्या दोघांना कोण जोडील, याची चिंता होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सांगण्याचे प्रयोजन आता स्पष्ट करतो. आपल्या वाचनाची रचनाही चाकासारखी झाली आहे. मराठीतून तमिळमध्ये, मल्याळममधून मराठीत, ओडियातून गुजरातीत काही जायचे तर ते बहुतेक वेळा इंग्रजीला किंवा हिंदीला उतरून, सामान तपासून घेऊन पुढे जाते. दोस्तोव्हस्की किंवा मार्केझ मराठी वाचकाला भेटले ते मुख्यतः इंग्रजीच्या विमानतळावर. यात तुंब्याची निंदा करण्याचे कारण नाही. अटलांटा किंवा शार्लट नसते तर डे मॉइनच्या माणसाला निम्म्या अमेरिकेत जाणे दुरापास्त झाले असते, आणि इंग्रजी नसती तर आपले शेल्फ फार रिकामे राहिले असते. प्रश्न तुंब्याने दिलेल्या वस्तूंचा नाही, धावेच्या अभावाचा आहे. पिट्सबर्गला १९९२ साली मोठी नवी विमानतळ-इमारत उभी राहिली. २००४ साली तेथील प्रमुख कंपनीने आपला हब हलवला आणि दालने ओस पडली. केंद्र आपल्या हिशेबाने चालते. त्याचा हिशेब बदलला की त्याच्यामार्फत भेटणारे एकमेकांना हरवतात.

धाव चढवणारी माणसे आपल्याकडे झाली आहेत. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले ते बंगालीतून. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या कन्नडमधून मराठीत आणल्या. विरुपाक्ष कुलकर्णी कन्नड वाचून दाखवीत आणि त्या ऐकून मराठी लिहीत, ही हकीकत सर्वश्रुत आहे. एका घरात बसून दोन भाषांमध्ये चालवलेली ती सरळ गाडी होती. तिला बदल नव्हता. साने गुरुजींनी अखेरच्या वर्षांत 'आंतरभारती'ची कल्पना मांडली तिचाही गाभा हाच होता: प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी जावे. तिच्याकडे आपण भाबडी सद्भावना म्हणून पाहत आलो. मला आता ती वाहतुकीच्या नियोजनाइतकी व्यावहारिक वाटते. सोलापूरचा किंवा बेळगावचा माणूस दोन भाषा बोलत मोठा होतो. त्याला धावेची किंमत शिकवावी लागत नाही. आपल्या विद्यापीठांत मात्र मराठीबरोबर दुसरी भारतीय भाषा अभ्यासणारा विद्यार्थी विरळा.

प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. डे मॉइनचे विमान तासभर उशिरा सुटले, पण अडीच तासांपैकी दीड तास शिल्लक होता. शार्लटच्या विमानतळावर प्रवाशांसाठी पांढऱ्या झुलत्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. मावशी त्यांतल्या एकीवर बसली आणि तिने लाडवाचा डबा उघडला. काकांची चाकाची खुर्ची ढकलायला आलेली बाई त्यांना स्वतःहून थोर वाटली, म्हणून अर्ध्या वाटेत ते उतरले आणि तिच्याबरोबर चालू लागले. बाई घाबरली. मावशीने तिला एक लाडू दिला. माझ्या चार पानांत याची तरतूद नव्हती. पाच डॉलरची नोट वरच्या खिशात ठेवून उतरताना द्यावी, असे मी लिहिले होते. तीही त्यांनी दिली. रॅलेला जावई उभे होते.

बाळंतपण सुखरूप झाले. मुलगी झाली. ऑक्टोबरमध्ये परतीची वेळ आली तेव्हा पुन्हा शार्लटमार्गे तिकिटे पाहून ठेवावीत, म्हणून मी भावाला फोन केला. तो म्हणाला, तिकिटे नकोत, मी गाडी घेऊन येतो. मोटारीने ते दोन दिवसांचे अंतर आहे. आईचे सामान वाढले आहे, पेट्यांचे पैसे उगाच कशाला भरायचे, असे कारण त्याने दिले. मी ते मान्य केले. दुसरे कारण विचारण्याचा अधिकार मला नव्हता. तो बहिणीकडे एक दिवसासाठी गेला आणि चार दिवस राहिला, एवढे मावशीने सांगितले. त्या चार दिवसांत कागदाविषयी बोलणे झाले की नाही हे मला ठाऊक नाही. काका २०२२ साली गेले. त्यानंतर गावी झालेल्या वारसनोंदीत सातबाऱ्यावर मावशी, भाऊ आणि बहीण अशी तीन नावे लागली.

गेल्या दिवाळीत दोघांपैकी कोणीही राळेगणला आले नाही. बहीण मुलीला घेऊन डे मॉइनला गेली होती. तेव्हाही तिला वाटेत विमान बदलावे लागले. मी मावशीकडे गेलो तेव्हा ओसरी झाडलेली होती, पणत्या लावलेल्या होत्या आणि ती एकटी बसली होती. घर सुने वाटत असेल, असे मी म्हणालो. "वाटतं की," ती म्हणाली, "पर आता मला घाई न्हाई."